निमंत्रण नाकारायचंय? मग ‘प्रयत्न करते’ लिहू नका!

मोबाइल वाजतो. व्हॉट्सॲपवर एक कार्ड येतं. सोनेरी अक्षरं, वर गणपतीचं चित्र, खाली कंपनीचा लोगो. ‘आमच्या नवीन शाखेचा उद्घाटन सोहळा... आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.’ तुम्ही तारीख बघता. त्या दिवशी मुलाची परीक्षा आहे, किंवा महिनाअखेरचा हिशेब आहे, किंवा खरं सांगायचं तर जावंसंच वाटत नाही. तरीही बोटं आपोआप लिहितात, ‘अभिनंदन! येण्याचा नक्की प्रयत्न करते.’ पुढे हात जोडल्याचं चिन्ह. झालं, विषय संपला.

पण तो तुमच्यापुरता संपला. कार्ड पाठवणाऱ्याचा प्रश्न तिथूनच सुरू होतो: ही व्यक्ती येणार आहे की नाही?

मीही हे अनेकदा केलंय. लेखनाचं काम सुरू केलं, तेव्हा सुरुवातीच्या ग्राहकांमध्ये घरगुती मसाल्यांचा व्यवसाय करणारे एक काका होते. त्यांच्या पाकिटांवरचा मजकूर मी लिहून दिला होता. त्यांनी नवीन जागा घेतली, सत्यनारायणाची पूजा आणि दुपारचं जेवण ठेवलं. मला कार्ड आलं, पाठोपाठ ईमेलही आला. त्याच दिवशी मला दुसऱ्या ग्राहकाचं काम पूर्ण करून द्यायचं होतं, त्यामुळे जाणं जमणार नाही हे कार्ड उघडताच कळलं होतं. पण ‘नाही’ लिहायचं अगदी जिवावर आलं. मी लिहिलं, ‘नक्की प्रयत्न करते, काका.’

दोन दिवसांनी कामासाठी त्यांचा फोन आला. बोलता बोलता म्हणाले, “पाकिटांवरचं लिहिणाऱ्या मॅडम येणार आहेत, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शाल-श्रीफळही आणलं होतं. ताई, तुम्ही नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं हो.” आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकले. व्यवसायातलं निमंत्रण नाकारणं हा उद्धटपणा नाही. ते नाकारायचं ठरलेलं असताना समोरच्याला ताटकळत ठेवणं, हा मात्र उद्धटपणा आहे, मग शब्द कितीही गोड असोत.

मोघम उत्तराची किंमत कोण मोजतं?

‘भीड भिकेची बहीण’ असं आपल्याकडे म्हणतात. आपण भिडस्त माणसं. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचं मन मोडणं, असं लहानपणापासून मनात बसलेलं असतं. म्हणून आपण ‘बघतो’, ‘जमवते’, ‘वेळ मिळाला तर डोकावून जाईन’ असं काहीतरी म्हणतो. घरच्या हळदीकुंकवात हे खपून जातं. तिथे चार बायका जास्त आल्या तर पोहे वाढवता येतात.

कंपनीच्या कार्यक्रमात तसं नसतं. केटररला ताटांचा आकडा आधी सांगावा लागतो आणि एकदा आकडा पक्का केला की न जेवलेल्या ताटांचेही पैसे साधारणपणे द्यावेच लागतात. पुढच्या रांगेत नावाची चिठ्ठी लावून खुर्ची राखलेली असते. भेटवस्तूंची पिशवी तयार असते. तुम्ही वक्ते किंवा प्रमुख पाहुणे असाल तर कार्यक्रमपत्रिकेवर नाव छापलेलं असतं आणि ‘ते पोहोचले की दीपप्रज्वलन करू’ म्हणून समई थांबलेली असते.

दहा जणांनी ‘प्रयत्न करतो’ म्हटलं, तर यजमानाने किती ताटं सांगायची? दहा सांगितली आणि दोघेच आले तर पैसे वाया. दोन सांगितली आणि दहा आले तर शोभा. मोठ्या कंपनीला हा खर्च जाणवणार नाही. नुकतं दुकान टाकलेल्या, कर्ज काढून मशीन घेतलेल्या माणसाला तो नक्की जाणवतो.

युधिष्ठिराचं ‘नरो वा कुंजरो वा’ आपल्याला ठाऊक आहे. ऐकणाऱ्याला हवं ते ऐकू यावं आणि बोलणाऱ्यावर खोटेपणाचा आरोपही येऊ नये, असं ते वाक्य. आपलं ‘प्रयत्न करते’ त्याच जातीचं आहे. आपण मनात ‘नाही’ ठेवून लिहितो, समोरचा ‘हो’ वाचतो.

कार्डावरची ती चार अक्षरं

इंग्रजी कार्डाच्या कोपऱ्यात आर.एस.व्ही.पी. अशी चार अक्षरं आणि खाली फोन नंबर असतो. हे मूळ फ्रेंच शब्द आहेत, ‘रेपाँदे सिल वू प्ले’. अर्थ अगदी साधा, ‘कृपया उत्तर द्या’. इंदूर, भोपाळकडे राहणाऱ्या वाचकांनी हिंदी पत्रिकांवर ‘उत्तरापेक्षी’ हा शब्द पाहिला असेल. म्हणजे उत्तराची अपेक्षा असलेले. आपल्या मराठी पत्रिकांवर मात्र ‘अगत्य येण्याचे करावे’ असतं. त्यात आग्रह आहे, पण उत्तर मागितलेलं नाही. म्हणून कदाचित कळवायची सवयही आपल्याला कमी.

व्यवसायाच्या निमंत्रणाला, कार्डावर ती अक्षरं असोत वा नसोत, उत्तर द्यायचंच असं ठरवून टाका. जमणार नाही हे कळल्यावर एका दिवसात, फार तर दोन दिवसांत. लवकर आलेला नकार यजमानाच्या उपयोगाचा असतो. त्याला दुसऱ्या कुणाला बोलावता येतं, ताट कमी करता येतं, दुसरा वक्ता शोधता येतो. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आलेला तोच नकार, त्याच शब्दांत, फक्त डोकेदुखी असतो.

नकाराच्या पत्रात काय असावं?

चार गोष्टी पुरतात आणि त्या याच क्रमाने याव्यात.

१. आभार, पण नेमके. ‘निमंत्रणाबद्दल धन्यवाद’ एवढंच नको. कोणता कार्यक्रम, कोणती तारीख याचा उल्लेख करा. तुम्ही कार्ड वाचलंय, हे त्यातून कळतं.

२. स्पष्ट नकार, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच. ‘मी येऊ शकणार नाही’ एवढे साधे शब्द. ‘येणं कठीण दिसतंय’ किंवा ‘बहुधा जमणार नाही’ नको. नकार पत्राच्या तळाशी ढकलला, तर घाईत वाचणारा तिथवर पोहोचतच नाही.

३. कारण एका ओळीत आणि खरं. ‘आधीच ठरलेलं काम आहे’ हे पुरेसं आहे. सविस्तर कारण देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. खोटं कारण मात्र देऊ नका. ‘गावाला जातेय’ म्हणून कळवायचं आणि त्याच संध्याकाळी मॉलमधला फोटो स्टेटसला ठेवायचा, हे आजकाल फार सहज घडतं. आजारपणाचं खोटं कारण तर नकोच, समोरचा काळजीने फोन करतो आणि आपल्याला आणखी चार खोटी रचावी लागतात.

४. शुभेच्छा आणि मनात असेल तरच दुसरा पर्याय. ‘पुढच्या आठवड्यात येऊन भेटेन’ हे लिहायला छान वाटतं. पण जाणार नसाल तर लिहू नका. एक मोघम उत्तर टाळून आपण दुसरं मोघम आश्वासन देऊन बसतो.

आणि काय नसावं? तीन-तीनदा मागितलेली माफी. एकदा ‘क्षमस्व’ पुरे. पानभर दिलगिरी वाचल्यावर समोरच्यालाच आपलं सांत्वन करावं लागतं.

काही नमुने

तुमच्या गरजेप्रमाणे शब्द बदलून हे वापरता येतील. पहिला, ग्राहकाच्या उद्घाटनासाठी:

‘सप्रेम नमस्कार. १२ तारखेच्या उद्घाटनाचे आपले निमंत्रण मिळाले. आठवणीने बोलावलेत, मनापासून आभार. त्या दिवशी माझे आधीच ठरलेले काम असल्यामुळे मी कार्यक्रमाला येऊ शकणार नाही, क्षमस्व. कृपया माझ्यासाठी थांबू नये आणि जेवणाच्या संख्येत मला धरू नये. नवीन जागेत आपला व्यवसाय खूप वाढो, ही सदिच्छा. आपली नम्र...’

यातलं ‘जेवणाच्या संख्येत मला धरू नये’ हे वाक्य जरा रुक्ष वाटेल. पण यजमानाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

दुसरा, भाषणाचं किंवा परिसंवादाचं निमंत्रण नाकारताना:

‘महोदय, आपल्या वार्षिक परिषदेत बोलण्यासाठी मला निमंत्रित केलेत, हा माझा सन्मान समजते. मात्र या विषयाची नीट तयारी करण्याइतका वेळ माझ्याकडे या महिन्यात नाही, म्हणून मी हे निमंत्रण स्वीकारू शकत नाही. आपली हरकत नसेल तर या विषयावर चांगलं बोलू शकतील अशा एक-दोन व्यक्तींची नावे त्यांना विचारून कळवते. परिषदेस शुभेच्छा.’

इथे ‘त्यांना विचारून’ हे शब्द विसरू नका. परस्पर कुणाचा नंबर देणं म्हणजे आपली अडचण दुसऱ्याच्या गळ्यात घालणं. तीच गोष्ट स्वतःऐवजी सहकाऱ्याला पाठवण्याची. ‘माझ्याऐवजी आमचे सहकारी आले तर चालेल का?’ असं आधी विचारावं. काही निमंत्रणं कंपनीला असतात, काही फक्त तुम्हाला.

तिसरा, मुलाखतीला जायचं नसेल तेव्हा:

‘मुलाखतीसाठी निवड केल्याबद्दल आभारी आहे. मी दुसरीकडे नोकरी स्वीकारली असल्यामुळे १८ तारखेच्या मुलाखतीस येणार नाही. ही वेळ आपण अन्य उमेदवारास द्यावी, ही विनंती.’

तरुण वाचकांनो, हे तीन ओळींचं पत्र लिहायला दोन मिनिटं लागतात. न कळवता गैरहजर राहिलात तर तुमचं नाव कुणाच्या तरी लक्षात राहतं आणि त्याच तासाला एखाद्या दुसऱ्या गरजू उमेदवाराला बोलावता आलं असतं.

पत्र इंग्रजीत असेल तर

ऑफिसचा बहुतेक पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. बेंगळुरू, हैदराबाद, दिल्लीत तर मराठी सहकारीसुद्धा एकमेकांना इंग्रजीतच मेल करतात. तिथे आपलं मराठी ‘प्रयत्न करतो’ आपण सरळ उचलून ‘आय विल ट्राय माय बेस्ट’ असं लिहितो. वाचणारा ते होकाराच्या यादीत टाकून मोकळा होतो.

एका शब्दाचा फरक बघा. ‘आय मे नॉट बी एबल टू अटेंड’ म्हणजे कदाचित जमणार नाही. ‘आय विल नॉट बी एबल टू अटेंड’ म्हणजे जमणार नाही. ‘मे’ नम्र आणि ‘विल’ कडक, असं आपल्याला वाटतं. नम्रपणा त्या ‘मे’मध्ये नसतो, तो आधीच्या ‘थँक यू फॉर इन्व्हाइटिंग मी’मध्ये असतो. निर्णय झाला असेल तर ‘विल नॉट’च लिहा.

कॅलेंडरवरचं ‘कदाचित’

आता कितीतरी निमंत्रणं कॅलेंडरमधूनच येतात. गूगल कॅलेंडरमध्ये हो, नाही आणि कदाचित असे तीन पर्याय असतात. त्यातलं ‘कदाचित’ आपलं भारी लाडकं. ते दाबायला हरकत नाही, पण नक्की कधी कळवणार हेही सोबत लिहा. ‘बुधवारी दुपारपर्यंत सांगतो’ असं लिहिलं की ‘कदाचित’लाही अर्थ येतो.

नाकारताना नुसतं बटण दाबू नका, एक ओळ लिहायची सोय तिथेच असते. ‘या वेळेत दुसरी बैठक आहे, झालेले निर्णय मला कळवाल का?’ एवढं पुरे. दुसरी वेळ सुचवण्याचीही सोय असते. आउटलुकमध्ये नाकारल्यावर उत्तर न पाठवण्याचा पर्यायसुद्धा दिसतो. तो निवडलात तर बैठक तुमच्या कॅलेंडरमधून जाते, पण बोलावणाऱ्याला तुमचा नकार पोहोचत नाही. तो खोलीत बसून तुमची वाट बघत राहतो.

जिथे ‘नाही’ म्हणणंच योग्य

काही निमंत्रणं नाकारणं हे आपलं कामच असतं. समजा, तुमच्या ऑफिसने एखाद्या खरेदीसाठी दरपत्रकं मागवली आहेत आणि त्यातलाच एक पुरवठादार तुम्हाला कुटुंबासह रिसॉर्टवर बोलावतो. माणूस चांगला असेल, हेतूही चांगला असेल. तरी जाऊ नका.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी तर हा लेखी नियम आहे. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ मधला १३वा नियम भेटवस्तूंविषयी आहे. ज्यांच्याशी सरकारी कामाचा संबंध येतो अशा व्यक्तींचा किंवा कंपन्यांचा थाटामाटाचा किंवा वारंवार होणारा पाहुणचार कर्मचाऱ्याने टाळावा, असं त्यात म्हटलंय. साधं प्रासंगिक जेवण मात्र भेटवस्तू धरलेलं नाही. औषध कंपन्यांसाठी २०२४ मध्ये केंद्राने विपणनाची संहिता आणली. परिषदेला येण्यासाठी डॉक्टरांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना प्रवासाची सोय कंपनीने देऊ नये, असं ती सांगते. अपवाद परिषदेत व्याख्यान देणाऱ्या डॉक्टरांचा. खासगी कंपन्यांतही असे नियम असतात, तुमच्या कंपनीचे एकदा वाचून ठेवा.

अशा वेळी खोट्या कारणाची गरज नाही, खरं कारणच सगळ्यात सभ्य असतं: ‘आपल्या आपुलकीच्या निमंत्रणाबद्दल आभार. सध्या आपले दरपत्रक आमच्याकडे विचाराधीन असल्यामुळे मला हे निमंत्रण स्वीकारता येणार नाही. आपण समजून घ्याल, याची खात्री आहे.’ यात आरोप नाही, उपदेश नाही. हे पत्र ईमेलवरच पाठवा, म्हणजे नोंद राहते.

दुसरा प्रसंग अनेक मैत्रिणींच्या ओळखीचा असेल. कामाची चर्चा म्हणून रात्रीच्या जेवणाचं बोलावणं येतं आणि जावंसं वाटत नाही. इथे कारण द्यायलाच हवं असं नाही. ‘रात्रीच्या जेवणाला मी येणार नाही. या कामाविषयी उद्या ११ वाजता ऑफिसमध्ये बोलू शकतो.’ एवढंच लिहा. निमंत्रण नाकारलंत, काम नाकारलं नाहीत, हे त्यातून स्पष्ट होतं. पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य पुन्हा पाठवा आणि ऑफिसमधल्या विश्वासाच्या माणसाच्या कानावर घाला.

‘हो’ म्हटल्यावर ‘नाही’ म्हणायची वेळ आली तर?

येते कधीकधी. घरात कुणी आजारी पडतं, गाडी रद्द होते. तेव्हा आधी फोन, मग पत्र. मेसेज टाकून मोबाइल उलटा ठेवून देणं, हा पळपुटेपणा. फोनवर तीन गोष्टी सांगा: येऊ शकत नाही, क्षमा करा, आणि माझ्यामुळे अडलेलं काय आहे? भाषणाचा मजकूर पाठवता येईल, ऑनलाइन दहा मिनिटं बोलता येईल, प्रवासाचं तिकीट त्यांनी काढलं असेल तर त्याचे पैसे देण्याची तयारी दाखवता येईल. नंतर दोन ओळींचा मेल पाठवा, म्हणजे आयोजकाला तो आपल्या वरिष्ठांना दाखवता येतो.

आणि कधी तुम्हीच यजमान असाल. तेव्हा कुणी ‘नाही’ कळवलं, तर ‘असं कसं, यायलाच पाहिजे!’ म्हणून भरीस घालू नका. ‘वेळेवर कळवलंत, बरं झालं’ म्हणा. नकार सहज घेणारी माणसं वाढली की तो देणाऱ्यांची भीडही कमी होईल.

मसाल्यांच्या काकांचं काम मी अजूनही करते. पैसे वेळेवर येतात, दिवाळीला शुभेच्छाही येतात. मागच्या वर्षी त्यांनी दुकानाचा वर्धापनदिन केला. त्याचे फोटो मी त्यांच्या स्टेटसवर पाहिले. मला कार्ड आलं नव्हतं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. जिचं उत्तर कळत नाही, तिला किती वेळा विचारायचं?

तुमच्याही मोबाइलमध्ये आत्ता एखादं कार्ड असेल, ‘बघू नंतर’ म्हणून ठेवलेलं. हा लेख बंद केलात की ते उघडा. जाणार असाल तर ‘येतोय’ लिहा. जाणार नसाल तर आभार मानून, मनापासून शुभेच्छा देऊन, साधं ‘येऊ शकणार नाही’ असं लिहा. कुणीतरी ताटं मोजायला थांबलंय.